इरावतीबाईंचे दोन प्रबंध

कै. डॉ. इरावतीबाई कर्वे यांचे नाव आपल्या मंडळातल्या बहुतेक भगिनींना ‘युगान्त’मुळे ठाऊक आहे. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे देवी म्हणून न पाहता बाया म्हणून पाहणारे ते पुस्तक १९६७ साली निघाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण मला आज लिहायचे आहे ते त्यांच्या निराळ्याच लिखाणाविषयी. इरावतीबाईंनी विद्यार्थिदशेत दोन प्रबंध लिहिले. एक मुंबईस आणि दुसरा जर्मनीत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, तेव्हा ते प्रबंध मी वाचले असे म्हणणार नाही. दुसरा तर जर्मन भाषेतच आहे. त्यांच्या चरित्राविषयी जे जे हाती लागले ते वाचले, घरातल्या शिकलेल्या मुलीकडून समजून घेतले, आणि ते माझ्या भाषेत सांगते आहे.

प्रबंध म्हणजे काय हे आधी सांगितलेले बरे. शाळेत आपण निबंध लिहीत होतो. त्यात आपल्याला जे ठाऊक आहे ते नीट मांडायचे असते. प्रबंधात आजवर कोणाला ठाऊक नाही असा एखादा प्रश्न घ्यायचा, त्याचे उत्तर शोधायचे, आणि ते उत्तर कसे मिळाले हे पायरी पायरीने दाखवायचे. वर मार्गदर्शक असतात, ते मोठे विद्वान असतात. परीक्षक असतात. त्यांना पटले तर पदवी. ऐकायला हे सोपे वाटते. खरी अडचण उत्तर मार्गदर्शकांच्या मनाविरुद्ध निघाले म्हणजे येते, आणि इरावतीबाईंच्या बाबतीत नेमके तसेच झाले.

बाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्यिंज्यान या गावी झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तिकडे एका कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवली. सात वर्षांची पोर, आणि मध्ये समुद्र! आजच्या आईला हे नुसते वाचूनही गलबलेल. पण हुजूरपागेत तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर परांजपे हे फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल. त्यांच्या पत्नीने इरावतीला आपल्या घरीच ठेवून घेतले आणि दुसरी लेक म्हणून वाढवले. त्या घरात पुस्तके होती, मोठमोठ्या माणसांचे येणे-जाणे होते, आणि मुलींनी जेवणाच्या पाटावर वाद घातला तरी कोणी डोळे वटारत नसे. इरावतीबाईंच्या विद्येचे मूळ पाहायला गेले तर मला ते या घरात दिसते. त्या परांजपेबाईंचे नाव मात्र कोणी फारसे काढत नाही.

१९२६ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाल्या आणि त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. त्याच सुमारास महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वडिलांच्या मनात लेक एखाद्या संस्थानिकाच्या घरी द्यावी असे होते; जावई मिळाले रसायनशास्त्राचे प्राध्यापक.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ पासून होता. तिथे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी एम. ए. साठी पहिला प्रबंध लिहिला, तो चित्पावन ब्राह्मणांवर. म्हणजे स्वतःच्याच माणसांवर. हे काम वाटते तितके सोपे नसावे. परक्याच्या घरात काय चालते हे सांगताना आपली जीभ सैल असते. आपल्या घराविषयी सांगायचे म्हणजे एक तर कौतुक होते, नाही तर चीड. आपली जात कोठून आली, तिचे आचार काय, बाकीच्यांहून ती निराळी कशी, हे एखाद्या पाहुण्याने पाहावे तसे पाहायचे, याची सवय बाईंना इथे लागली. १९२८ साली त्या एम. ए. झाल्या.

पुढचे शिक्षण घ्यायचे ते जर्मनीत, असे पतिपत्नींनी ठरवले. दिनकरराव स्वतः लाइपझिगला डॉक्टर होऊन आले होते, त्यांना त्या देशाची आणि तिथल्या विद्येची ओळख होती. विरोध झाला तो सासऱ्यांचा. भगिनींनो, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. ज्या अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, त्यांनीच सुनेच्या परदेशी जाण्याला नकार द्यावा! त्यांचे मोठेपण मी तसूभरही कमी मानत नाही. पण जगाच्या लेकीसुनांसाठी झटणे निराळे आणि घरची सून परदेशी धाडणे निराळे, एवढेच यावरून दिसते. दिनकरराव बायकोच्या बाजूने उभे राहिले. पैसा नव्हता, म्हणून डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले. हेच जीवराज मेहता पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. अशा रीतीने सासऱ्यांची नाराजी आणि डोक्यावर कर्ज घेऊन बाई १९२८ साली बर्लिनला गेल्या. अपयश घेऊन परत येणे त्यांना परवडणारे नव्हते, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म यांच्या नावाची मानवशास्त्राची संस्था १९२७ साली, म्हणजे आदल्याच वर्षी, निघाली होती. माणसाचे शरीर, त्याचा वंश, आईबापांकडून मुलांत काय उतरते, याचा तिथे अभ्यास चाले. ऑइगेन फिशर हे संचालक. हे गृहस्थ जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन गोरे बाप आणि तिथल्या स्त्रिया यांच्या संततीचा अभ्यास करून आले होते, त्यावर त्यांचा १९१३ सालचा ग्रंथ प्रसिद्ध होता. गोरे युरोपीय लोक बुद्धीने वरचढ, बाकीचे त्यांच्या खालचे, हे त्यांचे मत. आणि ते त्यांच्या एकट्याचे मत नव्हते, त्या काळच्या पुष्कळ पंडितांचे होते. इरावतीबाईंना मार्गदर्शक लाभले ते हे.

त्यांनी बाईंना विषय दिला माणसाच्या कवटीचा. माणसाची डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. ज्या भगिनी घरी शिवण करतात त्यांना हे मी सांगायला नको. पोलक्याचे माप घेताना एक खांदा उतरता निघतो, एका बाहीला अर्धा बोट कापड जास्त लागते. कवटीचेही तसेच आहे. फिशर यांचा तर्क असा, की युरोपीय माणूस अधिक विचारी, तर्काने चालणारा. तेव्हा त्याच्या कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंत फरक अधिक असला पाहिजे, आणि इतर वंशांच्या कवट्यांत तो कमी दिसला पाहिजे. हे मापून दाखवायचे काम या विद्यार्थिनीवर आले. विद्यार्थिनी स्वतः काळ्या माणसांच्या देशातून आलेली. तर्क खरा निघाला असता तर तिच्याच हाताने तिच्या लोकांवर खालचेपणाचा शिक्का बसला असता.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या आणि युरोपाबाहेरच्याही होत्या. असल्या संस्थांतून वसाहतींतल्या माणसांच्या कवट्या ढिगाने आणून ठेवलेल्या असत, त्या माणसांच्या मुलाबाळांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. एकेक कवटी घ्यायची, बाक दिलेल्या पायांच्या कंपासाने डावीकडची मापे घ्यायची, मग उजवीकडची, आकडे मांडायचे, वजाबाकी करायची, आणि पुढची कवटी घ्यायची. हे मी लिहिते आहे त्याला चार ओळी लागल्या, पण १४९ वेळा हे करायचे म्हणजे केवढा धीर लागतो ते गहू निवडणाऱ्या बाईलाच विचारावे. त्यात काम परक्या भाषेत, घरदार हजारो मैलांवर.

मापे काय निघाली? डाव्याउजव्यात फरक सगळ्याच कवट्यांत होता. युरोपातल्या माणसाच्या होता, बाहेरच्याच्याही होता. गोऱ्यांच्यात तो अधिक आणि इतरांच्यात कमी, असे काही आढळले नाही. गुरूंचा तर्क मापांत बसला नाही.

आमच्याकडे माझ्या नणंदेची मुलगी राहून प्रबंध लिहिते आहे. तिचा विषय लहान मुलांची वजने आणि त्यांचा आहार असा आहे. तीन पावसाळे तिने वाड्यावस्त्या हिंडून मुले तोलली. तिचे आकडे तिच्या मार्गदर्शकांच्या अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तेव्हा कोष्टक पुन्हा पाहून आणा असे तिला सांगण्यात आले. एकदा नव्हे, तीनदा. तिने पाहिले, आकडे तेच. त्या दिवसांत ती जेवत नसे धड. थोडे इकडचे तिकडे केले तर कोणाला कळणार आहे, असे तिच्याबरोबरीच्या एकीने तिला सुचवले होते. मामी, तू असतीस तर काय केले असतेस, असे तिने मला विचारले. मी काय सांगणार? मी दूध आणि साखरेचा हिशेब ठेवणारी. तिला मी इरावतीबाईंची ही हकिकत सांगितली आणि भाकरी वाढली. तिच्या प्रबंधाचा निकाल अजून लागायचा आहे. हे इथे लिहिण्याचे कारण एवढेच, की बर्लिनच्या त्या खोलीत बाईंपुढे काय उभे राहिले असेल ते मला या पोरीच्या चेहऱ्यावरून समजले.

कर्ज काढून गेलेल्या मुलीने आकडे गुरूंच्या मनासारखे मांडले असते तर तिला वाहवा मिळाली असती, आणि इकडे पुण्यात कोणी त्या कवट्या पुन्हा मोजायला जाणार नव्हते. बाईंनी तसे केले नाही. जे निघाले ते लिहिले आणि त्यावरून वंशांत उच्चनीच ठरवता येत नाही असे मांडून प्रबंध दिला. फिशर यांनी तो नापास केला नाही, त्यांच्याकडून हेही झाले हे सांगायला हवे. पण उत्तीर्ण होण्यापुरती जी सगळ्यांत खालची श्रेणी असते, ती दिली. १९३० साली बाई परीक्षा होऊन परत आल्या आणि पुढच्या वर्षी तो प्रबंध जर्मनीत छापला गेला.

फिशर यांचे पुढे काय झाले तेही सांगते. १९३३ साली हिटलरचे राज्य आले आणि हे बर्लिन विद्यापीठाचे मुख्य झाले. आफ्रिकी सैनिक बाप आणि जर्मन आई यांची जी मुले ऱ्हाइन नदीच्या प्रदेशात होती, त्यांना पुढे संतती होऊ नये म्हणून १९३७ साली गुपचूप शस्त्रक्रिया केल्या गेल्या. त्या कामी फिशर यांच्या संस्थेतल्या पंडितांनी मुले तपासून दाखले दिले. कवटीवरून आणि कातडीवरून माणसाची किंमत ठरवायची, ही विद्या कोठवर गेली ते यावरून दिसेल. एका प्रबंधाने हे थांबले नाही. तो प्रबंध तिथेच, त्याच संस्थेत, सात वर्षे आधी लिहिलेला होता.

परत आल्यावर इरावतीबाई १९३१ ते १९३६ स्त्रियांच्या विद्यापीठात, म्हणजे सासऱ्यांनीच काढलेल्या विद्यापीठात, रजिस्ट्रार होत्या. कचेरीच्या कामात त्यांचा जीव रमला नसावा. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधनासाठी पुन्हा सुरू झाले, तिथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून लागल्या आणि पुढची तीस वर्षे तिथल्याच झाल्या.

आता कोणी विचारील की बर्लिनहून आल्यावर बाईंनी मापे घेणे सोडले का? नाही सोडले. महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या जातींच्या, आदिवासींच्या माणसांची मापे त्यांनी पुष्कळ वर्षे घेतली, रक्तगट तपासले. हे मला आधी खटकले. ज्या कंपासाने इतके पाप झाले तो पुन्हा हातात का घ्यावा? पण त्यांचा प्रश्न पालटला होता. कोण वरचा, कोण खालचा, हे त्यांना विचारायचे नव्हते. आपल्या इकडच्या जाती झाल्या कशा, हे विचारायचे होते. घुर्येसाहेबांचे म्हणणे असे, की एक मोठी जात होती, तिचे तुकडे पडत पोटजाती झाल्या. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातले कुंभार पाहिले. कुंभार म्हटले की आपल्याला एकच जात वाटते. पण त्यांच्या पोटजाती निराळ्या भागांत निराळ्या, चाके निराळी, मडके घडवायची रीत निराळी, शरीराची मापेही निराळी. यावरून त्यांनी उलट मत मांडले: लहान लहान पोटजातीच आधीच्या, त्या एका धंद्यामुळे एका नावाखाली जमा झाल्या. म्हणजे पहिल्या गुरूंशीही मतभेद झालाच. कोणाचे बरोबर यावर विद्वानांत वाद चालले आणि त्यात पडण्याची माझी पात्रता नाही. मला दिसते ते एवढे, की या बाईंना दोन गुरू मिळाले आणि जे पाहिले ते सांगताना दोघांचीही भीड त्यांनी धरली नाही.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ १९५३ साली इंग्रजीत निघाला, तो भारतातल्या नातेसंबंधांवर. तो आपल्या बायकांच्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. उत्तरेकडे मुलगी द्यायची ती परक्या गावात, नात्याबाहेर. ती पदर ओढून अनोळखी माणसांत जाते आणि माहेर दूर राहते. दक्षिणेकडे मामाच्या, आत्याच्या घरी मुलगी देतात, कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष मामालाच देतात. तिथे सासू ही आजी किंवा आत्याच असते, सासरचे अंगण लहानपणापासून पायाखालचे. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. इथे पुष्कळ जातींत मामाची मुलगी करतात. बाईंनी हे सारे नात्यांच्या शब्दांवरून, जुन्या ग्रंथांवरून, लोकांच्या चालीरीतींवरून मांडले. माझी आजेसासू आपल्या सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणे, आणि ते तिचे आत्या-मामा मुळीच नव्हते. नात्यातल्या लग्नाची जुनी रीत गेली तरी हाक तेवढी राहिली असावी, असे मला हा विषय कळल्यावर वाटले.

त्यांच्या घरची रीतही त्या काळच्या पुण्याला चमत्कारिक वाटे. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, नवऱ्याला दिनू म्हणून हाक मारायची, मुलेही आईबापांना नावाने हाक मारीत. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई म्हणतात. आपल्यातल्या काही वडील मंडळींना हे आवडणार नाही; मलाही मंगळसूत्राचे आवडले नाही. पण याच बाई पंढरीच्या वारीत पायी चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे निराळे जेवतात हे पाहून त्या दुखावल्या आणि मराठा बायकांबरोबरही जेवल्या. ज्या देशाची माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र, हे त्यांना त्या वाटेवर सुचले. ‘परिपूर्ती’ नावाचा त्यांचा लेख आहे. सभेत त्यांची ओळख करून देताना अमक्यांच्या सूनबाई, तमक्यांच्या पत्नी असे सांगत गेले आणि त्यांना ते अपुरे वाटत राहिले. रस्त्याने जाताना त्यांच्या मुलाच्या वर्गातल्या पोरांनी त्यांना पाहून त्याची आई म्हणून ओळखले, तेव्हा कोठे ते भरून निघाले. इतकी मोठी विद्वान बाई हे थट्टेने लिहिते की मनापासून, यावर आमच्या वाचनाच्या दिवशी एकमत झाले नव्हते. मला वाटते दोन्ही.

पुढे त्या स्वतः मार्गदर्शक झाल्या, विद्यार्थी घेऊन खेडोपाडी हिंडल्या. गुजरातेत लांघणजला डॉ. सांकळिया यांच्याबरोबर उत्खननात गेल्या, तिथे अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे मिळाले. कोयना धरणात ज्यांची गावे गेली त्या लोकांचे काय झाले, हे त्यांनी आपली कन्या जाई निंबकर यांच्यासह घरोघर जाऊन विचारले. त्याचे पुस्तक १९६९ साली निघाले. धरणाचे गोडवे गाण्याचे ते दिवस होते. दुसऱ्या वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, इरावतीबाई पुण्यास वारल्या. तेव्हा त्यांना ६४ वर्षे पूर्ण झाली होती.

बर्लिनच्या प्रबंधाची हकिकत आपल्या लोकांना बरीच वर्षे नीट ठाऊक नव्हती. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोझा या अभ्यासकांनी मिळून इंग्रजीत लिहिलेले चरित्र २०२४ साली निघाले, त्यानंतर ती पुष्कळांपर्यंत पोचली. ज्या भगिनींना इंग्रजी येत नाही त्यांनी ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ ही त्यांची मराठी पुस्तके घ्यावीत. पहिल्यांदा ‘परिपूर्ती’ वाचावी, आणि तिच्यातही वारीचा लेख आधी.